सोडण, ओळंबा आणि सात नंबरचं आयर्न: गोल्फ स्विंगच्या अकरा आठवड्यांच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

आज तुळशीचं लग्न. संध्याकाळी अंगणात ऊस आणि दिंड्याची काठी उभी राहणार, म्हणजे मला जागा नाही. म्हणून दुपारीच फोन स्टुलावर टेकवून सात नंबरच्या आयर्नचे (गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात, आयर्न म्हणजे त्यातला लोखंडी तोंडाचा) दहा स्विंग टिपून घेतले. चेंडू न लावता.

आधी रोग सांगतो. गोव्यात, काणकोणात चावडीवर माझं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. वय ४७, वजन ७४ किलो. ७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं पदक एका फटक्याने हुकलं, ती चौथी आली. तोवर गोल्फ म्हणजे पैसेवाल्यांचं फिरणं अशीच माझी समजूत. त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं आणि महिन्याभरात कुणाचा तरी जुना सेट घेऊन बसलो. आता चार वर्षं झाली. नऊ होलला ५६ ते ६० फटके, सात नंबरने जेमतेम ११५ यार्ड. चेंडू उजवीकडे वळत जातो आणि दर तिसरा-चौथा फटका चेंडूच्या आधी मातीला लागतो.

"वजन मागे राहतं तुमचं," हे मला सगळ्यांनी सांगून झालंय. ते पुढे न्यायचं कसं, हे कुणी सांगत नाही. म्हणून ठरवलं की संक्रांत होईपर्यंत स्कोअर मांडायचा नाही. रोज सकाळी साडेसहा ते सात फक्त ड्रिल, आणि हे टिपण. मी उजव्या हाताने खेळतो, तेव्हा खाली डावा पाय म्हणजे पुढचा, लक्ष्याकडचा. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.

व्हिडिओत दिसलं ते असं. क्लब वर गेला की माझं डोकं आणि छाती डावीकडे कलते, भार डाव्या पायावर. क्लब खाली येताना मी उजव्या पायावर मागे पडतो. सगळा उलटा कारभार. याला रिव्हर्स पिव्हट म्हणतात. कारणं दोन असावीत. 'डोकं हलवू नका' हा सल्ला मी अति मनावर घेतला. आणि चेंडू हवेत उचलायची हौस. उचलायचं काम क्लबच्या तिरक्या तोंडाचं असतं, पण अंगाला ते पटत नाही.

५ नोव्हेंबर, त्रिपुरारी पौर्णिमा

समुद्रावर गेलो. आमच्याकडे भरतीचा हिशेब साधा: तिथीला पाऊणने गुणायचं. पौर्णिमेचे पंधरा, पंधरा पाऊण सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या आत-बाहेर ओहोटी. पाणी मागे गेलं की राजबागची ओली वाळू घट्ट असते, पाऊल छापल्यासारखं उमटतं.

क्लबने रेघ मारली, अनवाणी उभा राहिलो, एक पूर्ण स्विंग घेतला आणि उडी मारून बाजूला झालो. उजव्या पावलाची बाहेरची कड दोन बोटं खोल रुतलेली, आतली बाजू वरवर. टाच पूर्ण छापलेली, म्हणजे शेवटपर्यंत ती उचललीच नाही. डाव्या पायाचा फक्त चवडा उमटलेला. नीट स्विंगमध्ये शेवटी उजव्या पायाचा अंगठ्याखाली खळगा राहायला हवा, कारण टाच उचलून पाय फिरतो, आणि डाव्याची टाच खोल जायला हवी.

एक लक्षात ठेवा. वाळू क्रम सांगत नाही, फक्त बेरीज दाखवते. उजवी कड खोल दिसली म्हणून 'वर जाताना भार उजव्यावर जातोय की' असं वाटून मी दहा मिनिटं खूश होतो. व्हिडिओ पाहिल्यावर कळलं की तो खळगा खाली येताना पडलाय.

गालजीबागला हे करू नका. तिथे कासवं अंडी घालतात आणि हाच त्यांचा हंगाम. आणि कुठल्याही किनाऱ्यावर खरा चेंडू मारू नका.

८ नोव्हेंबर

पैसे वाया गेले ते इथे. प्रत्येक पायाखाली एक वजनकाटा ठेवायचा, म्हणजे भार कुठे आहे ते आकड्यात दिसेल, ही कल्पना. काचेचे दोन डिजिटल काटे आणले, ₹८४९ ला एक. उभा राहिलो, दोन्हीकडे ३७. स्विंग घेतला, तरी ३७. असे काटे आकडा स्थिर झाला की तिथेच धरून ठेवतात, हलता भार दाखवणं त्यांचं कामच नाही. पंपाचे प्रेशर गेज रोज हाताळणाऱ्या माणसाला हे घेण्याआधी सुचू नये! वर काच गुळगुळीत. तिसऱ्या स्विंगला डावा पाय सटकला आणि काट्याचा कोपरा तडकला. दुकानदाराने परत घेतले नाहीत, त्यात त्याची चूक नाही. ₹१,६९८ गेले.

९ नोव्हेंबर

काटेच, पण सुईवाले हवेत. एक माळ्यावर होता, दुसरा भंगारवाल्याकडे ₹२५० ला मिळाला. दोघांत तीन किलोंचा फरक. वीस लिटरचा पाण्याचा कॅन दोन्हींवर आळीपाळीने ठेवून सुया जुळवल्या. वर खरखरीत कॉयर मॅटचे तुकडे चिकटवले. सुई मागाहून पोचते, म्हणून क्लब वर नेऊन दोन आकडे मोजेपर्यंत थांबायचं, आणि बायकोने वाचायचं.

उभा असताना ३७-३७. वरच्या टोकाला डावा ४५, उजवा २९.

चांगल्या खेळाडूचं याच्या उलट असतं. क्लब मागे जाताना पाऊण भाराच्या आसपास मागच्या पायावर, आणि चेंडूला लागताना तितकाच किंवा जास्त पुढच्या पायावर.

१५ नोव्हेंबर

हा आठवडा पाण्यात. काट्यावर आकडा आणायचा चंग बांधला आणि सगळं अंग उजवीकडे ढकलायला लागलो. गुरुवारी डावा १६, उजवा ५८. इतका खूश झालो की दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालाही सांगितलं. त्याला त्याच्या सबमर्सिबलची पडली होती.

मग रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, पन्नास चेंडू मारून आलो. आधी तीन-चारातला एक मातीला लागायचा, आता दोनातला एक. कंबर वळतच नव्हती, नुसती सरकत होती. उजवा गुडघा पावलाच्या बाहेर, भार तळव्याच्या बाहेरच्या कडेवर. याला स्वे म्हणतात. इतक्या लांब गेलेलं धूड अर्ध्या सेकंदाच्या आत परत आणणार कुठून? काटा किती ते सांगतो, कसं ते सांगत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

पडवीच्या वाशाला गवंड्याचा ओळंबा टांगला, माझ्या उजव्या टाचेच्या बाहेरच्या कडेला येईल असा. समोरून व्हिडिओ घ्यायचा. क्लब मागे नेताना कुल्ला सुताच्या बाहेर गेला की स्वे. पहिल्या व्हिडिओत तो वीतभर बाहेर दिसला आणि माझा धीर सुटला. मग ध्यानात आलं की फोनच तिरका ठेवलाय, डाव्या पायाच्या रोखाने. फोन छातीसमोर, मांडलेल्या रेघेला काटकोनात आणि हातांच्या उंचीवर हवा. नीट ठेवल्यावर चार बोटं बाहेर. तरी चारच!

म्हणजे आठवडाभर तिरक्या फोनचे व्हिडिओ बघत होतो, हेही आज कळलं.

दुसरा उपाय फुकटचा. नारळाच्या सोडणाचा तुकडा घेऊन उजव्या बुटाच्या बाहेरच्या कडेखाली सारला. पाऊल किंचित आत कलतं. आता भार बाहेर जाऊच शकत नाही, गेला तर घोटा लगेच कुरकुरतो. जायला वाट नाही म्हटल्यावर कंबर वळायला लागली, निमूट. उजवा कुल्ला मागे, भिंतीकडे जातो, बाजूला नाही. पूर्ण स्विंग नको, अर्धाच, कमरेपासून कमरेपर्यंत. सुकलेलं सोडण घ्या, ओलं पायाखाली घसरतं.

२० नोव्हेंबर

दुकानात गिऱ्हाईक नसलं की भिंतीला कुल्ले टेकवून उभं राहायचं, हात छातीवर घडी. मागे वळताना उजवा कुल्ला भिंतीला लागलेला राहतो. पुढे वळताना डाव्याने ती जागा घ्यायची. दोन्ही भिंतीपासून सुटले तर तुम्ही चेंडूच्या अंगावर जाताय. मी जात होतो. शेजारच्या दुकानातल्या पोराने विचारलं, "काका, पाठ खाजवताय?"

काटा: डावा २५, उजवा ४९. ओळंब्याच्या आत.

२३ नोव्हेंबर, रविवार

चेंडू लावायची घाई झाली. मासेमारीचं जुनं जाळं मिळालं, ₹३०० चं, दुहेरी करून दोन माडांमध्ये ताणून बांधलं. चांगलं तंबोऱ्याच्या तारेसारखं. पहिला चेंडू जाळ्यावर आपटून तसाच परत आला, माझ्या कानाजवळून गेला आणि गोठ्याच्या छपरावर. तीन मंगळुरी कौलं फुटली. आई बाहेर आली, छपराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेली. ते जास्त लागलं.

जाळं सैल सोडायचं, खाली हातभर लोळेल इतकं. म्हणजे चेंडू त्यात जिरतो. आणि माडाखाली उभं राहणार असाल तर आधी पाडेलीला बोलावून नारळ उतरवून घ्या. तो खर्च या प्रकल्पात धरायचा की घरखर्चात, यावर आमच्यात एकमत नाही.

२६ नोव्हेंबर

डावा गुडघा दुखतोय, आतल्या बाजूने. काल सत्तर चेंडू मारले होते.

२७ नोव्हेंबर

जिना उतरताना कळ आली. फिजिओथेरपिस्टकडे गेलो, ₹५००. त्याने पायांची ठेवण करून दाखवायला सांगितली आणि लगेच बोट ठेवलं. डावं पाऊल मी सरळ, रेघेला काटकोनात रोवत होतो. आता भार खरंच त्या पायावर यायला लागलाय, त्यावर अंग गरकन फिरतं, पाऊल मात्र खिळलेलं. सगळा पीळ गुडघ्यात. चूक चार वर्षं होतीच, पण भार पोचत नव्हता म्हणून गुडघा वाचला होता.

पाऊल वीस-तीस अंश लक्ष्याकडे उघडं ठेवायचं. आणि दहा दिवस काही नाही.

४ डिसेंबर, दत्तजयंती

स्विंग बंद, तरी आजची नोंद सगळ्यात मोठी.

संध्याकाळी देवळातून येताना तळपण नदीच्या कडेला बसलो. ओहोटी होती. एक म्हातारा पागी गुडघाभर पाण्यात उभा राहून पागेर टाकत होता, हाताने फेकायचं गोल जाळं. दोरी मनगटाला, जाळ्याचा एक पदर दातात, अर्धं ओझं कोपरावर, काठाला शिशाच्या गोळ्या लोंबताहेत. तो उजवीकडे वळायचा, थांबल्यासारखा व्हायचा, आणि जाळं गर्रकन उघडून पाण्यावर ताटासारखं पडायचं. चार-पाचदा नुसता बघत राहिलो, मग फोन काढला. स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० चित्रं.

घरी येऊन एकेक चित्र सरकवलं. जाळं अजून मागेच चाललंय. शिशाच्या गोळ्या मागे झुलताहेत, हात मागे, खांदे मागे. आणि त्याच चित्रात डावा गुडघा पुढे वळायला लागलाय. जाळ्याने परतायच्या आत पाय परतले होते. चिखलात रुतलेले पाय बाजूला सरकू शकत नाहीत, म्हणून त्याचा कुल्ला ओळंब्यातून हलत नव्हता. चिखलच त्याचं सोडण.

मी काय करत होतो? क्लब वर न्यायचो, थांबायचो, काट्यावर बायको आकडा वाचायची, आणि *मग* भार पुढे न्यायला बघायचो. तोवर हात निघून गेलेले. दोन आकडे मोजून थांबायची सवय मीच स्वतःला लावली होती.

त्या म्हाताऱ्याला तिथे विचारलंच होतं, "काका, इतकं जड जाळं, हात भरून येत नाहीत?" तो म्हणाला, "हातान न्हय रे, कुल्यान." आणि पाण्यात थुंकला.

७ डिसेंबर, रविवार

काटे माळ्यावर. आजपासून पाऊल टाकण्याचं ड्रिल. दोन्ही पाय जुळवून उभं राहायचं, क्लब मागे न्यायचा, आणि हात छातीच्या उंचीला पोचले की डावं पाऊल लक्ष्याच्या दिशेने टाकायचं. हात अजून वर चाललेत, पाऊल पुढे पडतंय. पाऊल टेकलं की मग स्विंग आपोआप खाली येतो. भोकांचे प्लास्टिकचे चेंडू आणले, डझनाला ₹३६०. गुडघ्यासाठी दिवसाला तीसच.

आज तीसपैकी नीट लागले पाच. चारदा पाऊल टाकायलाच विसरलो. बाकी वेळा हात आणि पाय एकदमच, म्हणजे जुनंच.

१० डिसेंबर

९.

१४ डिसेंबर

१७. युक्ती मोजणीत सापडली. 'एक' ला क्लब मागे, 'दोन' ला पाऊल, 'तीन' ला फटका असं चाललं होतं, आणि त्यात 'दोन' म्हणताना मी वर थांबायचो. आता भजनातल्या झांजेसारखं दोनच ठोके: पहिला पावलाचा, दुसरा चेंडूचा. मागे नेणं मोजायचंच नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

मुक्तिदिनाची सुट्टी आणि अमावास्या, म्हणजे पुन्हा साडेपाचची ओहोटी. पौर्णिमेला उभा होतो त्याच जागी, तीच परीक्षा, पण या वेळी पाय नेहमीसारखे फाकवून, पाऊल न टाकता.

उजव्या पायाचं आतल्या कडेचं चवड्याचं टोक खोल, त्याच्या पुढे अंगठ्याने पोखरलेला छोटा खळगा, टाचेचा ठसा फिकट. डावी टाच दोन बोटं रुतलेली. चेंडूच्या जागी वाळूत आडवी रेघ मारून वेजने (जास्त तिरक्या तोंडाचा क्लब) दहा वेळा झाडलं. सात वेळा वाळू रेघेच्या पुढे उडाली. नोव्हेंबरात हे मोजलं नव्हतं, पण तेव्हा दोन आली असती तरी पुष्कळ.

फोटो काढायला वाकलो तेवढ्यात लाट आली.

२२ डिसेंबर

वेजच्या शाफ्टवर गंजाचे ठिपके. समुद्रावरून आल्यावर फडक्याने पुसून पिशवीत ठेवला होता. गोड्या पाण्याने धुवायला हवा होता, मानेपासून खालपर्यंत. बारीक स्टील वूल आणि तेलाने घासला, तरी दोन डाग राहिलेच. ज्याचं पोट पंपांच्या गंजावर चालतं, त्याच्याकडून ही चूक व्हावी!

२८ डिसेंबर

किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही. पर्यटक. अंगणातच तीस.

४ जानेवारी २०२६, रविवार

रेंज. खरे चेंडू, सात नंबर, पन्नास. पहिले पंधरा पाऊल टाकून, मग दोन पायांवर. मातीला आधी लागलेले सहा. लांबी ११५ वरून १२५ च्या आसपास, सरळ गेलेल्यांची. मला वीस-तीस यार्डांची आशा होती, खोटं कशाला बोला. पण आवाज बदललाय. आधी थप्प व्हायचं, आता टक्क होतं.

तिथल्या एका गृहस्थांनी सांगितलं, "आणखी जोरात ढकला डाव्या पायावर." ढकलून बघितलं. पुढचे चार चेंडू गेले वाया. ढकलायचं नसतं, वेळेत दाबायचं असतं, जसं जिन्याची पहिली पायरी चढताना पाय दाबतो तसं. गृहस्थांना मान डोलावली आणि परत दोन ठोक्यांवर आलो.

१४ जानेवारी, संक्रांत

ठरल्याप्रमाणे आजपर्यंत स्कोअर नाही. तिळगूळ वाटून झाल्यावर खर्च मांडला: डिजिटल काटे १,६९८, भंगारातला काटा २५०, जाळं ३००, कौलं आणि ती बसवायची मजुरी ४५०, फिजिओ ५००, प्लास्टिकचे चेंडू ३६०, रेंजचे चेंडू दोन वेळचे ८००. एकूण ₹४,३५८. यातलं खरं कामाला आलं ते सोडण आणि ओळंबा, आणि ते या यादीत नाहीत. आईच्या मते नारळ उतरवायचे पैसेही यात धरायला हवेत.

१८ जानेवारी, रविवार

नऊ होल खेळलो. ५३. तीन चेंडू गेले, त्यातले दोन डावीकडे! चार वर्षांत माझा चेंडू डावीकडे कधी हरवला नव्हता. कंबर आता आधी निघते, पण हात जुन्या सवयीने मनगट गुंडाळतात. स्लाइस, म्हणजे ते उजवीकडे वळणं, सरळ करायला मी नकळत पकड फिरवून ठेवली होती, तीच आता अंगावर येतेय. पुढचं काम ते.

परतताना तळपणला थांबलो. आज अमावास्या, पाणी उतरलेलं, म्हातारा होता. डिसेंबरातला व्हिडिओ त्याला दाखवला. त्याने स्वतःकडे नीट पाहिलं, फोन परत दिला आणि जाळं माझ्या कोपरावर टाकलं. ओल्या जाळ्याचं वजन आधी खांद्याला कळतं. मी चिखलात पाय रोवले, वळलो, पाय आधी सोडले. जाळं अर्धवट उघडलं, चंद्रकोरीसारखं, आणि दातातला पदर सोडायला विसरल्यामुळे मीही त्याच्यामागोमाग गुडघ्यांवर. दोन शेवटे मासे मिळाले. त्याने ते मलाच दिले.

जुनं सोडण चपटं झालंय, उद्या नवं तासून घ्यायला हवं. ड्रायव्हरसाठी, म्हणजे सगळ्यात लांब क्लबसाठी, जरा जाड.